एफके बोर (सर्बिया) : तांब्याच्या गावचा क्लब, १९६८चं वर्ष आणि त्यानंतर

तांबट

पूर्व सर्बियात, बल्गेरिया आणि रुमानियाच्या सीमांपासून फार लांब नसलेल्या डोंगराळ पट्ट्यात बोर नावाचं गाव आहे. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३४ हजार होती, आता त्याहून कमी आहे. या गावातला क्लब १९६८ साली युगोस्लाव्हियाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि त्याच वर्षी युरोपात खेळला. मराठीत यावर काही सापडत नाही, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी खाण, कारण खाणीआधी इथे एक खेडं होतं, बाकी काही नाही. ज्योर्जे वायफर्ट हा बेलग्रेडचा बिअर उत्पादक उद्योजक. पुढे तो युगोस्लाव्ह राज्याच्या नॅशनल बँकेचा गव्हर्नरही झाला. त्याच्या पैशावर चाललेल्या शोधमोहिमेला फ्रान्यो शिस्तेक या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९०२ मध्ये तिल्वा रोश टेकडीत तांब्याचं खनिज लागलं. १९०३ पासून काम सुरू झालं. १९०४ मध्ये पॅरिसच्या भांडवलावर ‘बोर खाणींची फ्रेंच कंपनी’ उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत खाण तिच्याकडेच होती. गावात फ्रेंच अधिकाऱ्यांची स्वतंत्र वसाहत होती. क्लबची स्थापना १९१९ची, म्हणजे पहिलं महायुद्ध संपून खाण पुन्हा मार्गी लागत होती तेव्हाची.

१९४१ मध्ये खाण जर्मनांच्या हाती गेली. १९४३–४४ मध्ये हंगेरीतून आणलेले सुमारे ६ हजार ज्यू वेठबिगार बोर ते झागुबित्सा या रेल्वेमार्गाच्या कामावर आणि खाणीत राबवले गेले. मिक्लोश राद्नोती हा हंगेरियन कवी त्यांतलाच एक. सप्टेंबर १९४४ मध्ये छावण्या रिकाम्या करून या लोकांना पायी हाकत नेलं आणि वाटेत अनेकांना ठार मारलं. राद्नोतीला नोव्हेंबरात हंगेरीत गोळी घातली. बोरचा इतिहास लिहिताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही, क्लबचा इतिहास लिहितानाही नाही.

युद्धानंतर खाणीचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तिचं रूपांतर ‘बोर खाणकाम आणि धातुशुद्धीकरण समूह’ या अवाढव्य संस्थेत झालं. आद्याक्षरांवरून सगळे तिला आरटीबी म्हणतात. १९६१ मध्ये शेजारच्या मायदानपेकची उघडी खाण सुरू झाली. कामगार देशभरातून येत होते. क्लब मोठा झाला तो या काळात.

---

डावा पाय

तांबट, विषय उत्तम निवडलात. १९६८चं थोडं विस्कटून सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी “अंतिम फेरीत पराभूत” एवढं लिहून विषय मिटवतात.

१९६७–६८च्या हंगामात बोर दुसऱ्या लीगमध्ये होता. चषकाचं अधिकृत नाव मार्शल टिटो चषक, सुरुवात १९४७ची. लीगमध्ये तुम्ही कुठल्याही पायरीवर असा, या स्पर्धेत बाद पद्धतीनं थेट वरच्यांशी गाठ पडते. बोर त्या वाटेनं अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे समोर त्सर्वेना झ्वेज्दा, म्हणजे आपला रेड स्टार बेलग्रेड, आला. निकाल ७–०.

आता याचा दुसरा भाग. रेड स्टारनं त्याच वर्षी लीगही जिंकली होती. लीगविजेता युरोपियन चषकात जाणार, चषकविजेता चषकविजेत्यांच्या चषकात. एकच क्लब दोन्ही जिंकला तर दुसरी जागा चषकाच्या उपविजेत्याला मिळायची. म्हणजे रेड स्टारनं लीग जिंकली तेव्हाच बोरचा युरोपचा रस्ता मोकळा झाला होता, अंतिम सामन्यात सात गोल खाल्ल्यानं त्यात काही फरक पडला नाही. शिवाय त्याच हंगामात बोर पहिल्या लीगमध्येही चढला. १९६८–६९ला पहिली लीग १८ संघांची होती, बोरची ती पहिलीच वेळ.

युरोपात पहिल्या फेरीत गाठ पडली स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाशी. पहिला सामना ब्रातिस्लाव्हात, ३–० स्लोव्हान. परतीच्या सामन्यात बोर २–०. बेरीज ३–२, बोर बाहेर.

तारखांकडे बघा. २०–२१ ऑगस्ट १९६८ला वॉर्सा कराराच्या (सोव्हिएत गटाची लष्करी युती) फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, आणि जेमतेम महिन्याभरात हा सामना. पश्चिमेकडच्या काही क्लबांनी पूर्वेकडच्यांशी खेळायला नकार दिला, यूएफानं (युरोपची फुटबॉल संघटना) सोडती बदलल्या, त्यावर वॉर्सा करारातल्या बऱ्याच देशांनी आपले क्लब मागे घेतले. युगोस्लाव्हिया त्या करारात नव्हता आणि टिटोंनी आक्रमणाचा उघड निषेध केला होता. त्यामुळे बोर स्पर्धेत राहिला, आणि स्लोव्हाननंही माघार घेतली नाही.

आणि हाच स्लोव्हान पुढे पोर्तो, तोरिनो, डन्फर्मलिन यांना हरवून २१ मे १९६९ला बाझेलमध्ये बार्सिलोनासमोर उभा राहिला आणि ३–२ जिंकला. यूएफाची स्पर्धा जिंकणारा पूर्व गटातला तो पहिला क्लब. त्या विजेत्याला परतीच्या सामन्यात दोन गोलांनी हरवणारा संघ तांब्याच्या खाणीच्या गावातून आला होता. माझ्या मते क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. अंतिम सामना दुसऱ्या क्रमांकावर.

---

सहज वाचक

खूप छान माहिती. दोन शंका. परतीच्या सामन्यात बोरनं तिसरा गोल केला असता तर परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम लागला असता का? आणि दुसरं, समाजवादी देशात क्लबला पैसा नेमका कोण देतं? सरकार?

---

डावा पाय

पहिल्या शंकेचं उत्तर : दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, असा तो नियम. ३–० आणि ०–३ झालं असतं तर बेरीज ३–३, पण परक्या मैदानावर दोघांचेही गोल शून्य. त्यामुळे तो नियम असूनही उपयोगाचा नव्हता, सामना जादा वेळेत गेला असता. बोरनं ब्रातिस्लाव्हात एक जरी गोल केला असता, तरी पहिला सामना ३–१, परतीचा २–० आणि बेरीज ३–३. मग परक्या मैदानावरच्या त्या एका गोलावर बोर पुढे गेला असता. तेव्हा दोन सामन्यांच्या लढतीत पहिल्या सामन्यात तीन गोलांनी मागे असले तरी संघ शेवटपर्यंत गोलामागे धावायचे ते याचसाठी.

दुसऱ्या शंकेला तांबट उत्तर देतील.

---

तांबट

सरकार नाही, कारखाना. आणि युगोस्लाव्हियात कारखाना कागदोपत्री सरकारचाही नव्हता, ‘समाजाच्या मालकीचा’ होता.

१९५० पासून तिथे कामगार स्वयंव्यवस्थापन होतं. प्रत्येक उद्योगात निवडून आलेली कामगार परिषद असायची. वर्षाच्या शेवटी उत्पन्नातून कर आणि बंधनकारक देणी वजा झाली की उरलेल्याची वाटणी परिषद ठरवायची : अमुक हिस्सा पगारांना, अमुक यंत्रं-विस्ताराला, अमुक राखीव, आणि एक हिस्सा ‘सामाईक उपभोग निधी’ला. कामगारांची घरं, समुद्रकाठची विश्रामगृहं, भोजनालयं, सांस्कृतिक केंद्र, क्रीडासंघटना हे सगळं या शेवटच्या निधीतून. मोठ्या उद्योगाच्या गावात क्लबच्या प्रशासनावर कारखान्यातलीच माणसं असत आणि खेळाडूंना कारखान्याच्या हजेरीपटावर नोकरी, घर मिळत असे. ही पद्धत देशभर होती, झेनित्साचं पोलाद असो की बोरचं तांबं.

१९६५च्या आर्थिक सुधारणेनं उद्योगांच्या हाती राहणारा उत्पन्नाचा वाटा वाढवला. त्याआधी पैसा वर राजधानीकडे जाऊन पुन्हा खाली यायचा, सुधारणेनंतर तो बराचसा जिथे मिळाला तिथेच थांबायला लागला. आणि बोरचा चढता काळ १९६५ नंतर लगेचचा आहे. मला यात संबंध दिसतो.

१९७०च्या दशकात ही वाट बदलली. १९७१च्या घटनादुरुस्त्या आणि १९७४ची राज्यघटना आली, मोठे उद्योग ‘पायाभूत संघटनां’त चिरले गेले. वितळभट्टी वेगळी, खाण वेगळी, वाहतूक वेगळी, प्रत्येकाची परिषद वेगळी, हिशेब वेगळा. खेळासाठी ‘शारीरिक संस्कृतीचा स्वयंव्यवस्थापित हितसमुदाय’ नावाची मंडळं झाली. उद्योगांनी ठरावीक अंशदान मंडळात भरायचं आणि मंडळानं फुटबॉल, हँडबॉल, कुस्ती, शाळेची मैदानं सगळ्यांत वाटायचं. न्याय्य आहे, पण एका क्लबला एका सहीनं मोठी रक्कम मिळणं अवघड झालं.

---

आकडेमोड

तांबट, तुमचा दावा तपासायला दोन तारखा देतो. पहिल्या लीगमधला बोरचा शेवटचा हंगाम १९७४–७५. लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव एप्रिल १९७४ मध्ये विक्रमी उंचीवर होता, टनाला सुमारे १,४०० पौंड, आणि वर्ष संपेपर्यंत निम्म्याहून खाली आला. म्हणजे भाव कोसळला आणि पाठोपाठ क्लब कोसळला.

---

तांबट

जुळतंय म्हणून कारण मानू नका. तीन अडचणी आहेत.

एक, देशांतर्गत विक्रीचे भाव युगोस्लाव्हियात प्रशासकीय नियंत्रणाखाली होते. लंडनचा भाव पडला की दुसऱ्या दिवशी बोरचं उत्पन्न पडलं, असं होत नव्हतं. दोन, बोरचं बरंचसं तांबं देशातच तारा, केबल, पत्रे यांत जायचं. तीन, क्लब काही सलग सात वर्षं वर नव्हता. १९६८ला चढला, मधे खाली गेला, १९७२–७३ला पुन्हा वरच्या लीगमध्ये दिसतो. त्या मधल्या घसरणीला १९७४चा भाव जबाबदार असू शकत नाही.

उलट खेळाडूंच्या बाजूनं बघा. त्या काळी युगोस्लाव्ह खेळाडूला २८ वर्षं पूर्ण होईपर्यंत परदेशी क्लबकडे जाता येत नसे. मग बोरसारख्या क्लबच्या विशीतल्या चांगल्या पोराला मोठं व्हायचं तर वाट एकच : चौघांपैकी कुणीतरी. रेड स्टार, पार्टिझान, झाग्रेबचा दिनामो, स्प्लिटचा हायदुक. ‘मोठी चौकडी’ म्हणतात ती हीच. त्यात सक्तीची लष्करी सेवा, म्हणजे उमेदीच्या वयात वर्ष-सव्वा वर्ष जायचं. खाणीच्या क्लबकडे पैसा असला तरी दर दोन-तीन वर्षांनी संघाचा कणा निघून जायचा.

बोरिशा जोर्जेविच हे ठळक उदाहरण. जन्म १९५३, बोरमध्येच. १९७४ मध्ये हायदुककडे गेला, १९७४–७५ आणि १९७८–७९ अशा दोन लीग जिंकल्या, राष्ट्रीय संघात खेळला, पुढे झ्युरिक. आता बोरचा वरच्या लीगमधला शेवटचा हंगाम कोणता ते पुन्हा बघा. तांब्याच्या भावापेक्षा हा धागा पकडावा असं मला वाटतं.

---

आकडेमोड

खेळाडूंचा मुद्दा पटला. पण सगळ्याच छोट्या क्लबांचे खेळाडू चौकडी उचलत होती, वेलेझ मोस्तार तरी त्याच दशकात वर टिकून राहिला. तेव्हा गावाचा आकार आणि मुलं घडवण्याची व्यवस्था हेही धरावं लागेल. मोस्तार बोरच्या मानानं बरंच मोठं आणि जुनं शहर.

---

जुनी पानं

या विषयावर मराठी विकीसाठी किंवा स्वतःसाठी कुणी हंगामवार तक्ता करणार असेल तर काही खाचखळगे सांगतो. या क्लबांच्या बाबतीत चुका नेहमी त्याच ठिकाणी होतात.

शोधताना सर्बियनच्या दोन्ही लिप्या वापरा. सिरिलिकमध्ये ‘बोर’ तीन अक्षरी आहे, लॅटिनमध्येही तीन. दोन्ही शोधांचे निकाल पूर्ण वेगळे येतात, कारण जुनी सर्बियन वृत्तपत्रं बहुधा सिरिलिकमध्ये आणि झाग्रेबची लॅटिनमध्ये. नुसतं ‘बोर’ टाकलंत तर पाईनची झाडं आणि रसायनातलं बोरॉन येईल. सोबत ‘फुडबाल’, ‘लिगा’, ‘कूप’ यांपैकी एक शब्द आणि हंगाम घाला.

संघांच्या नावांचा घोळ मोठा आहे. बोर आणि बोरात्स हे वेगळे. बोरात्स बान्यालुका आणि बोरात्स चाचाक हे आणखी दोन वेगळे क्लब, आणि जुन्या तक्त्यांत जागा वाचवायला नाव तोडून छापतात तेव्हा ‘बोर.’ म्हणजे बहुतेक वेळा बोरात्स असतो. शेवटी टिंब आहे का बघा. राद्निच्की नावाचे तर निश, क्रागुयेवात्स, बेलग्रेड असे अनेक. रुदार म्हणजे खाणकामगार, या नावाचे क्लब प्रियेदोर, प्ल्येव्ल्या, वेलेन्ये, काकान्य अशा चार ठिकाणी तरी आहेत आणि ते आज तीन वेगवेगळ्या देशांत पडतात. गावाचं नाव जोडल्याशिवाय एकही ओळ उतरवू नका.

वर्षाचा घोळ त्याहून जास्त. लीग शरद आणि वसंत अशा दोन भागांत चालते, मधे डिसेंबर ते फेब्रुवारी हिवाळी सुट्टी. डिसेंबरमधल्या अंकात छापलेला तक्ता हा अर्ध्या हंगामाचा असतो. खेळलेले सामने मोजा. १८ संघांच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम ३४ सामन्यांचा आणि अर्धा १७चा, म्हणजे १७ दिसलं की तो शरदाचा तक्ता. आणि ‘१९६८चा चषक’ म्हणजे १९६७–६८च्या स्पर्धेचा अंतिम सामना, तर ‘१९६८ला युरोपात’ म्हणजे १९६८–६९ची स्पर्धा. एकच वर्ष, दोन हंगाम. बोरच्या बाबतीत दोन्ही एकाच वर्षात आल्यानं लोक सर्रास एकत्र करतात.

गुण : त्या काळात विजयाला २. तीन गुणांच्या हिशेबानं पडताळणी केलीत तर सगळे तक्ते चुकीचे वाटतील. पडताळणीचं सूत्र सोपं आहे. विजयांची दुप्पट अधिक बरोबऱ्या म्हणजे गुण, आणि लीगमधल्या सगळ्या संघांचे एकूण गुण म्हणजे एकूण सामन्यांची दुप्पट. १८ संघ, ३०६ सामने, ६१२ गुण. बेरीज ६१२ आली नाही तर कुठेतरी छापखान्याची किंवा उतरवणाऱ्याची चूक आहे, किंवा कुणाचे तरी गुण कापले आहेत. नंतरच्या काळात, १९८८–८९ पासून युगोस्लाव्ह लीगमध्ये बरोबरी झाली की पेनल्टी मारून जिंकणाऱ्यालाच एक गुण मिळायचा, हरणाऱ्याला शून्य. त्या हंगामांना हे सूत्र लागू पडत नाही.

सामन्यांच्या बातम्यांसाठी बेलग्रेडचं ‘स्पोर्त’ दैनिक, ‘तेम्पो’ साप्ताहिक आणि झाग्रेबचं ‘स्पोर्त्स्के नोवोस्ती’ ही तीन नावं. दुसऱ्या लीगच्या सामन्यांना तिथे दोन-तीन ओळी मिळतात. अशा वेळी कारखान्याचं वृत्तपत्र कामाला येतं. बोरच्या समूहाचं ‘कोलेक्तिव’ नावाचं होतं. कारखान्याच्या पत्रात गोल कुणी केला यासोबत तो कुठल्या विभागात कामाला आहे हेही कधी कधी मिळतं, आणि क्लब आणि खाण यांचं नातं कागदावर दिसतं ते तिथे.

---

सहज वाचक

जुनी पानं, हा प्रतिसाद जपून ठेवलाय. आणखी एक विचारतो. वितळभट्टी गावातच आहे असं वाचलं. मग हवेचं आणि मैदानाचं काय?

---

तांबट

भट्टी गावाला अगदी खेटून, आणि जुनी उघडी खाणही. खाणीचं काम १९९३ मध्ये थांबलं, खड्डा अजून शहराच्या काठाशी आहे.

धुराचं गणित करून देतो, म्हणजे प्रमाण कळेल. तांब्याचं नेहमीचं खनिज च्याल्कोपायराइट, त्यात वजनानं सुमारे ३५ टक्के तांबं आणि जवळपास तेवढंच गंधक. म्हणजे १ टन तांबं काढताना सुमारे १ टन गंधक सुटतं. ते जळलं की २ टन सल्फर डायऑक्साइड. तो वायू पकडून गंधकाम्ल केलं तर सुमारे ३ टन आम्ल मिळतं, आणि नाही पकडला तर धुराड्यातून बाहेर. जुन्या भट्टीत वायूचा बराच भाग पकडला जात नव्हता. भट्टीच्या वायूत गंधकाचं प्रमाण कमी-जास्त होत राहिलं की आम्लाचा कारखाना नीट चालत नाही, आणि तो बंद पडला तरी भट्टी चालू ठेवली जायची. शिवाय बोरच्या खनिजात एनार्जाइट आहे, म्हणजे सोबत आर्सेनिकही. नवी भट्टी आणि नवा आम्लाचा कारखाना २०१५ च्या सुमारास आले, तोवर गावानं शंभर वर्षं हा धूर गिळला.

---

मृद्गंध

मैदानाच्या बाजूनं मी लिहितो. हे बोरच्या स्टेडियमचा अहवाल म्हणून घेऊ नका, कुठल्याही वितळभट्टीजवळच्या गवताला लागू पडतं.

सल्फर डायऑक्साइड दोन वाटांनी मारतो. थेट पानावर : शिरांच्या मधला भाग पांढुरका-पिवळट पडतो, शिरा हिरव्या राहतात. दमट, वारा पडलेल्या सकाळी सगळ्यात जास्त, कारण पानांची रंध्रं उघडी असतात आणि धूर खाली बसलेला असतो. दुसरी वाट मातीतून : पावसाबरोबर आम्ल उतरतं आणि मातीचा सामू (पीएच) घसरतो. फुटबॉलच्या मैदानावरच्या राय गवताला ६ ते ७ सामू मानवतो. साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम आणि मँगनीज विरघळून मुळांना बाधतं, स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडतं. आणि तांब्याच्या गावात तिसरी भानगड म्हणजे धुळीतून आलेलं तांबं आम्लधर्मी मातीत जास्त विरघळतं. मुळं आखूड, तपकिरी आणि टोकाला जाड होतात. वरून गवत हिरवं दिसतं, पण बूट वळवला की गवताचं ढेकूळ उचकटून हातात येतं. पेनल्टी क्षेत्र आणि कोपरे आधी जातात.

उपाय चुना, पण हिशेबानं. दळलेला चुनखडीचा दगड वापरायचा, कळीचा चुना नाही, तो उभं गवत जाळतो. उभ्या गवतावर एका वेळी चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास. १०५ × ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर, त्याला १,४२८ किलो, म्हणजे जवळपास दीड टन. जास्त लागणार असेल तर एकदम टाकू नका, शरदात एक हप्ता आणि पुढच्या वर्षी माती तपासून दुसरा. टाकण्याआधी पोकळ दात्यांच्या यंत्रानं माती टोचून घ्या, नाहीतर चुना वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच बसतो आणि मुळांशी सामू तसाच राहतो. बहुतेकांची चूक इथे होते : वरच्या थराची माती तपासतात, सामू साडेसहा येतो, खुश होतात, आणि गवत मरतच राहतं. नमुना ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटिमीटर असा वेगवेगळा घ्यायला हवा. चुना आणि अमोनियम सल्फेट एकाच आठवड्यात नकोत, अमोनिया उडून जातो आणि खताचे पैसे वाया.

---

साळावली

हे सगळं वाचताना गोंयकाराला दुसरं काही आठवणं शक्य नाही. आमच्याकडे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले साळगांवकर आणि धेंपो हे दोन्ही क्लब खाणमालकांच्या घराण्यांचे. लोहखनिजाचा पैसा. धेंपोनं पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली (२००४–०५, २००६–०७, २००७–०८, २००९–१०, २०११–१२), साळगांवकरनं दोन (१९९८–९९, २०१०–११).

पण तुलना करताना एक फरक लक्षात ठेवा. बोरमध्ये पैसा कामगार परिषदेच्या निधीतून यायचा आणि क्लब एका गावाचा होता. आमच्याकडे तो घराण्याच्या तिजोरीतून यायचा, निर्णय मालकाचा, आणि क्लब गावाचा नसून समूहाच्या नावाचा.

लोक म्हणतात २०१२ची खाणबंदी आली आणि क्लब गेले. एवढं सरळ नाही. धेंपो समूहानं आपला खाणधंदा २००९ मध्येच सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला होता. त्यानंतरही क्लब दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही, आणि त्यांनी जाहीर कारण दिलं ते भारतीय फुटबॉल महासंघाच्या आराखड्याचं. त्यात आय-लीग खालच्या पायरीवर जाणार होती आणि वरच्या लीगमध्ये मैदानावर जिंकून जायची वाट नव्हती. खाणीचा पैसा आटणं हे एक कारण असेलही, पण चढायला शिडीच ठेवली नाही तर पैसा घालायचा कशासाठी? बोरला निदान शिडी होती. दुसऱ्या लीगमध्ये जिंका, पहिल्या लीगमध्ये या. धेंपो पुढे खालून जिंकत २०२४–२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला, याचा आनंद आहेच.

---

डावा पाय

साळावली, शिडीचा मुद्दा अगदी बरोबर. त्याच जोडीला युगोस्लाव्हियातली आणखी दोन खाणगावं ठेवा.

त्रेप्चा. कोसोव्होतल्या मित्रोवित्साजवळची शिसं, जस्त आणि चांदीची खाण, १९२७ पासून ब्रिटिश कंपनीकडे होती. क्लब १९३२चा. १९७७–७८ मध्ये एकच हंगाम पहिल्या लीगमध्ये खेळला, त्यात खाली गेला, पण त्याच हंगामात चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि रियेकाकडून जादा वेळेत १–० हरला. बोरनंतर बरोबर दहा वर्षांनी. त्रेप्चाचं पुढे जे झालं ते खाणीच्या नफ्यातोट्याचं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये अल्बेनियन खाणकामगारांनी स्तारी त्र्ग खाणीत जमिनीखाली उपोषण केलं, पुढच्या दहा वर्षांत संघर्ष युद्धापर्यंत गेला, १९९९ नंतर शहर नदीच्या दोन काठांवर विभागलं गेलं, आणि आज या वारशावर हक्क सांगणारे दोन क्लब आहेत, एक अल्बेनियन आणि एक सर्ब. अल्बेनियन बाजूचा क्लब २००९–१०ला कोसोव्होचा विजेता झाला.

कोलुबारा लाझारेवात्स. बेलग्रेडच्या दक्षिणेला लिग्नाइटचं खोरं, तिथल्या कोळशावर सर्बियाची बरीच वीज चालते. क्लब बोरसारखाच १९१९चा. युगोस्लाव्हियाच्या काळात कुणाच्या खिजगणतीत नव्हता, आणि २०२१ मध्ये सर्बियाच्या सुपरलीगमध्ये चढून दोन हंगाम टिकला.

---

आकडेमोड

मग बोर का नाही? आता तर खाण पुन्हा जोरात आहे.

---

तांबट

खाण जोरात आहे, पण ती आता वेगळ्या हिशेबाची खाण आहे.

१९९०च्या दशकात देशावरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे सुटे भाग, निर्यात, कर्ज सगळं थांबलं आणि समूह तोट्यात रुतला. मग विक्रीचे प्रयत्न. २००७ मध्ये रुमानियाच्या कुप्रोमशी ठरलेला व्यवहार फिसकटला, २००८ मध्ये ऑस्ट्रियाच्या ए-टेकशी ठरलेलाही फिसकटला. दोन्ही वेळा ठरलेले पैसे आलेच नाहीत. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये चीनच्या झिजिन मायनिंगनं ६३ टक्के हिस्सा घेतला, त्यात ३५ कोटी डॉलरचं भांडवल आणि पुढे एकूण १२६ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची हमी. २०२१ मध्ये जवळच चुकारू पेकीची नवी खाण सुरू झाली. उत्पादन वाढलं.

पण सामाईक उपभोग निधी ही गोष्टच कायद्यातून गेली आहे. हजेरीपटावर खेळाडू ठेवता येत नाही. कंपनी प्रायोजक म्हणून वार्षिक करार करू शकते, आणि वार्षिक करारावर १५ वर्षांचा मुलगा २२ वर्षांचा होईपर्यंत घडवता येत नाही. त्यात तरुण कुटुंबं गाव सोडून जात आहेत. १९६८ला बोरमध्ये माणसं बाहेरून येत होती. नव्या खाणींवर बाहेरून येणारे बरेचसे कंत्राटी, वसाहतीत राहणारे. त्यांची मुलं बोरच्या शाळेत नाहीत, म्हणजे क्लबच्या कनिष्ठ संघातही नाहीत. कोलुबाराचं गाव बेलग्रेडला लागून आहे, राजधानीतल्या क्लबांनी सोडलेली पोरं त्याला तासाभराच्या अंतरावर मिळतात. बोरला ती सोय नाही. क्लब आज खालच्या स्तरावर खेळतो तो या कारणांनी, तांब्याच्या कमतरतेनं नाही.

---

जुनी पानं

तक्ता करणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. बोरच्या प्रत्येक हंगामासमोर चार रकाने ठेवा : लीगची पातळी, त्या पातळीचं तेव्हाचं नाव, गट, क्रमांक. ‘दुसरी लीग’ एवढंच लिहू नका. १९६८ पर्यंत तिचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट होते, १९६८ ते १९७३ चार गट, मग पुन्हा दोन. दोन गटांतला तिसरा क्रमांक आणि चार गटांतला तिसरा क्रमांक यांचं वजन सारखं नाही. १९९२ नंतर देश बदलला, म्हणून ‘दुसरी लीग’ हे नाव तेच राहून ती लहान देशाची स्पर्धा झाली. २००६ नंतर सर्बिया वेगळा, त्यामुळे पुन्हा बदल. देशाचं नावही त्याच ओळीत लिहा. युरोपचा रकाना वेगळा ठेवायची गरज नाही, १९६८–६९च्या ओळीत तळटीप पुरेल : चषकविजेत्यांचा चषक, पहिली फेरी, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, ०–३, २–०.